नानांची वही

आमचे वडील पोस्टमास्तर होते. आम्ही भावंडे त्यांना नाना म्हणत असू. गावाला मात्र ते ‘मास्तर’ होते. १९४४ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, ते टपालखात्याच्या नोकरीत शिरले आणि १९८२ सालच्या मे महिन्याच्या अखेरच्या दिवशी, अठ्ठावन्न वर्षे पुरी होताच, सेवानिवृत्त झाले. मधल्या अडतीस वर्षांत त्यांच्या अनेक बदल्या झाल्या आणि कोकणातील निरनिराळ्या गावी आमचे बिऱ्हाड फिरले. आम्हां चार भावंडांत मी सर्वांत धाकटी. नाना निवृत्त झाले त्या वेळी थोरली तिघे शिक्षणाच्या व नोकरीच्या निमित्ताने घराबाहेर पडली होती आणि मी नुकतीच सातवीत गेले होते. त्यामुळे नानांच्या उत्तरायुष्याची पहिली वर्षे अगदी जवळून पाहण्याचे भाग्य माझ्या वाट्याला आले. ते भाग्य होते, हे कळायला मात्र मला फार वर्षे लागली.

नाना कचेरीत कसे वागत ते मी रोज पाहत असे. कारण आमचे बिऱ्हाड बहुधा कचेरीच्या मागील खोल्यांतच असे. सकाळी दार उघडले की ते प्रथम शिक्क्यातील तारीख बदलीत. मग एका कागदावर शिक्का उमटवून, तो कागद डोळ्यांजवळ धरून, तारीख बरोबर उमटली ना हे पाहत. एस.टी.ने टपालाची थैली आली म्हणजे तिच्यावरील लाखेची मोहोर अभंग आहे की नाही हे तपासल्यावाचून ते तिच्या दोरीला हात लावीत नसत. तारयंत्राचा ‘कट्ट कडकट्ट’ असा आवाज सुरू झाला की आईदेखील स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज करीत नसे. आलेल्या तारेत काय होते, हे नानांच्या चेहऱ्यावरून आम्हांला कधीच ओळखता आले नाही. मी एकदा हट्टाने विचारले, तेव्हा ते म्हणाले, “बाय, दुसऱ्याचे पत्र म्हणजे दुसऱ्याचे घर. त्याने बोलावल्यावाचून आत पाऊल टाकू नये.”

मी सहासात वर्षांची असतानाची एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली आहे. मोहोर करण्याच्या तांबड्या लाखेचा एक तुकडा कचेरीच्या जमिनीवर पडला होता. तो मला भातुकलीसाठी हवा होता. मी तो उचलताच नानांनी माझ्या हातातून घेतला आणि मेजाच्या खणात ठेवला. “ही सरकारची लाख आहे, माझी नव्हे,” एवढेच ते बोलले. मी रडत रडत आईकडे गेले. त्या आठवड्याच्या बाजारी नानांनी माझ्यासाठी रंगीत खडूंची एक पेटी विकत आणली. पण माझा राग काही गेला नाही. नानांचे आपल्या कचेरीवर जेवढे प्रेम आहे तेवढे आमच्यावर नाही, अशी माझ्या बालबुद्धीने तेव्हापासून खूणगाठ बांधली होती.

त्या काळी आमच्या भागात असे घर विरळाच की ज्यातील एकही माणूस मुंबईला नाही. मुंबईची पहिली कापडगिरणी १८५६ साली सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या आणि त्यांत काम करण्यासाठी कोकणातील माणसे पिढ्यान् पिढ्या मुंबईची वाट धरू लागली. इकडील शेते लहान, डोंगरउताराची आणि सर्वस्वी पावसावर अवलंबून. पिकलेल्या भातात वर्षाचे बारा महिने निघत नसत. मुंबईहून मनीऑर्डर येई तेव्हा वाण्याची उधारी फिटे, मुलांची पुस्तके येत आणि घराच्या कौलांची डागडुजी होई. मनीऑर्डरीच्या कागदाच्या तळाशी निरोप लिहिण्यापुरती थोडीशी जागा असे. तेवढ्या जागेत मुलगा आईला, पती पत्नीला आपले सारे मन सांगे.

हे पैसे घेताना सही करावी लागे. ज्यांना सही येत नसे त्यांचा अंगठा शाईच्या गादीवर टेकवून कागदावर उमटवीत आणि लिहितावाचता येणारा एखादा साक्षीदार त्याखाली आपली सही करी. अंगठा उमटवून झाल्यावर बायका तो डोक्याच्या केसांना पुशीत आणि ओशाळल्यासारख्या हसत. नानांनी अडतीस वर्षांत असे किती अंगठे पाहिले असतील याची गणती नाही. १९८१ च्या जनगणनेत, सात वर्षांवरील वयाच्या दर शंभर भारतीय स्त्रियांमागे जेमतेम तीस स्त्रियांना लिहितावाचता येते, असे दिसून आले होते. नानांना हे सांगण्यासाठी जनगणनेची जरुरी नव्हती. त्यांच्या मेजावरची शाईची गादी त्यांना ते रोज सांगत होती.

निवृत्तीच्या दिवशी नानांनी तिकिटे, कार्डे आणि रोकड मोजून नव्या पोस्टमास्तरांच्या स्वाधीन केली. हिशेब पैशापैशाने जुळला. मग त्यांनी किल्ल्यांचा जुडगा मेजावर ठेवला, खिशातील पेन काढून ते आपले स्वतःचेच आहे ना याची खात्री करून घेतली आणि ते बाहेर पडले. गावकऱ्यांनी त्यांना शाल व श्रीफळ दिले. दुसऱ्या दिवशी आम्ही सामान घेऊन आमच्या मूळ गावी, कणकवली तालुक्यातील जुन्या घरी, राहावयास गेलो.

मला मनातून फार आनंद झाला होता. आता तारयंत्र नाही, थैली नाही, शिक्का नाही. आता नाना आमचे! सातवीच्या शिष्यवृत्ती परीक्षेला मी बसणार होते. नानांनी रोज संध्याकाळी माझा अभ्यास घेण्याचे कबूल केले होते. मी पुस्तकांना कव्हरे घालून, पेन्सिलींना टोके काढून वाट पाहू लागले.

पहिले काही दिवस नाना अगदी चुकल्या चुकल्यासारखे वागत. पहाटे पाचला उठत, अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून पडवीत बसत आणि मग आपल्याला कोठेही जावयाचे नाही हे ध्यानात येऊन पुन्हा उठत. दूरवर एस.टी.चा आवाज आला की त्यांचा हात नकळत घड्याळाकडे जाई. “गाडी आज वीस मिनिटे उशिरा आली,” असे ते आईला सांगत. आई म्हणे, “अहो, आता गाडी केव्हाही येऊ दे!” यावर ते हसत, पण त्यांच्या त्या हसण्यात मन नसे. माणसाची नोकरी एका दिवशी संपते, परंतु कामाची सवय त्या दिवशी संपत नाही, हे मी तेव्हा पाहिले.

पण ही स्थिती फार दिवस टिकली नाही. मास्तर घरी आले आहेत ही वार्ता वाड्यावाड्यांतून पसरली आणि माणसे आमच्या घराच्या पायऱ्या चढू लागली. कोणाला पत्र वाचून हवे असे, कोणाला अर्ज लिहून हवा असे. ते दिवसच तसे होते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापडगिरण्यांतील सुमारे अडीच लाख कामगारांनी संप सुरू केला होता. गिरण्यांची चाके थांबली आणि त्यांच्याबरोबर आमच्याकडील घराघरांतील मनीऑर्डरीही थांबल्या. पैसे येईनासे झाले तेव्हा पत्रांचे महत्त्व फार वाढले. मुलगा काय खातो, कोठे राहतो, संप केव्हा मिटणार, हे कळण्यास दुसरे साधन नव्हते.

वरच्या वाडीतील एक काकी आठवड्यातून दोनदा येत. त्या विधवा होत्या. त्यांचा एकुलता एक मुलगा परळच्या बाजूला राहत असे आणि गिरणीत कामाला होता. संपामुळे तो बाजारात मिळेल ती हमाली करून दिवस काढीत होता. काकी पायऱ्यांवरूनच हाक मारीत, “मास्तरांनू, झिलाचां पत्र इलां. वाचून दाखवा.” झिल म्हणजे मुलगा. पत्र दोनदा वाचून झाले तरी त्यांचे समाधान होत नसे. तिसऱ्यांदा वाचताना त्या पत्राच्या अक्षरांवरून नुसते बोट फिरवीत.

एके दिवशी काकी उत्तर लिहून घेण्यासाठी कोरे कार्ड घेऊन आल्या, तेव्हा नाना त्यांना म्हणाले, “काकी, हे एक कार्ड मी लिहीन. दिवाळीनंतरचे कार्ड मात्र तुम्ही लिहायचे. मी तुम्हांला शिकवतो.”

काकी गोंधळल्या. “माका लिवाक येणां नाय,” त्या म्हणाल्या, “आणि ह्या वयात काय येतलां?”

नाना म्हणाले, “चिखलात उभे राहून भाताचा तरवा सरळ ओळीत लावता ना? मग कागदावर अक्षर ओळीत लावणे तुम्हांला मुळीच कठीण नाही.”

मला नानांचे हे बोलणे कठोर वाटले. सुवाच्य अक्षरात दहा ओळी लिहून देणे त्यांना काय जड होते? पण नानांचा निश्चय ठरला होता. त्यांनी आईकडून एक सूप मागून घेतले आणि त्यात भाताचा कोंडा पसरला. हीच काकींची पाटी! बोटाने काढावे आणि सूप हलवून पुसून टाकावे. चुकले तरी खूण उरत नाही. त्यांनी आरंभही मुळाक्षरांपासून केला नाही. मुलाच्या पत्त्यातील पिनकोडापासून केला. टपाल लवकर वाटले जावे म्हणून १५ ऑगस्ट १९७२ पासून आपल्या देशात सहा अंकी पिनकोड सुरू झाला, हे तुम्हांला ठाऊक असेल. परळचा क्रमांक ४०००१२. नाना म्हणत, “एक चार, तीन पूज्ये, एक आणि दोन. एवढे सहा अंक काढता आले की तुमचे पत्र मुलाच्या गल्लीपर्यंत पोचलेच म्हणून समजा.” तीन पूज्ये काकींना पहिल्याच दिवशी आली. त्यांना स्वतःलाच त्याचे मोठे नवल वाटले.

हळूहळू आणखी दोघी-तिघी येऊ लागल्या. बाहेर मृगाचा पाऊस कोसळत असे. पावसात वीज हमखास जाई. मग पडवीत कंदील लावून हा वर्ग चाले. मी माझे गणिताचे पुस्तक घेऊन माजघराच्या दारात बसत असे. नाना मधून मधून उठून माझ्याजवळ येत, माझे उदाहरण तपासत आणि पुन्हा पडवीत जात. माझा अभ्यास त्यांनी एक दिवसही चुकविला नाही. परंतु मला पुरी संध्याकाळ हवी होती. कचेरीने नेलेले नाना आता या बायकांनी नेले, असे मला वाटे आणि मी मनातल्या मनात धुमसत असे.

श्रावण सरत आला. त्या वर्षी गणेशचतुर्थी २२ ऑगस्टला होती. गणपतीला मुंबईचा माणूस घरी येणार, ही कोकणातील रीतच आहे. त्याच सुमारास नाना काही कामासाठी दोन दिवस बाहेरगावी गेले होते. संध्याकाळी काकी आल्या. त्यांच्या हातात कोरे कार्ड होते आणि चेहऱ्यावर फार घाई होती.

“बाय, तू तरी लिव,” त्या मला म्हणाल्या. आणि त्यांनी सांगावयास सुरुवात केली. गाय व्यालेली आहे, पाडा झाला आहे. उंबऱ्याजवळचे कौल गळते आहे. शेजाऱ्याने नांगर दिला म्हणून शेत लागले. असे सांगता सांगता त्या थांबल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, “आणि तेका लिव, हात रिकामो असलो तरी चलात, पण तू गणपतीक ये.”

मला माझा अभ्यास पुरा करावयाचा होता, आणि खरे सांगायचे तर मला काकींचा राग आला होता. मी भरभर चार ओळी खरडल्या. “इकडील सर्व कुशल आहे. गाय व्याली. शेत लागले. गणपती २२ तारखेस आहेत. कळावे.” बस्स! मी ते कार्ड त्यांना वाचूनही दाखविले नाही. काकींनी ते दोन्ही हातांत धरून कपाळाला लावले आणि त्या पावसातून निघून गेल्या.

चतुर्थी आली. काकींनी अंगण सारवले होते. एस.टी.च्या प्रत्येक गाडीला त्या डोंगर उतरून खाली येत आणि गाडी रिकामी गेली की पुन्हा वर जात. पाच दिवसांनी गणपतींचे विसर्जन झाले. मुलगा आला नाही.

नंतर आठवड्याभराने त्याचे पत्र आले. काकी ते घेऊन आमच्याकडे आल्या तेव्हा नाना पडवीतच बसले होते. त्यांनी कार्डावरून एकवार दृष्टी फिरविली. मग ते कार्ड त्यांनी माझ्या हातात दिले. “बाय, तू वाच,” ते म्हणाले.

मी वाचू लागले. मुलाने लिहिले होते की, तुझे पत्र पोचले. पत्रात तू मला ये म्हणाली नाहीस. आठ महिने पैसे पाठविले नाहीत, म्हणून तू रागावली असशील असे वाटले. रिकाम्या हाताने दारात कसा उभा राहू? म्हणून आलो नाही. प्रकृतीस जप.

शेवटच्या ओळी माझ्या घशातून बाहेर येईनात. काकी माझ्याकडे पाहत होत्या. “मी तां सांगितलंलंय,” त्या पुटपुटल्या. नाना काहीच बोलले नाहीत. ते रागावले असते तर मला बरे वाटले असते. ते नुसते थांबले होते. अखेर मीच रडत रडत सांगून टाकले की, मी ते वाक्य लिहिलेच नव्हते.

पडवीत बराच वेळ शांतता होती. पागोळ्यांचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मला वाटले, काकी आता उठून जातील आणि पुन्हा आमच्या घरी येणार नाहीत. त्या उठल्या खऱ्या. पण कोपऱ्यातील सूप घेऊन माझ्यासमोर येऊन बसल्या. “बाय, माका शिकव,” त्या म्हणाल्या. “आता माजां मीच लिवतलंय.”

त्या रात्री नाना माझ्या अंथरुणाजवळ येऊन बसले. मी झोपेचे सोंग घेतले होते, आणि त्यांना ते कळले होते. ते म्हणाले, “तुझ्या हातून चूक झाली, ती तू कबूल केलीस. माझ्या हातूनही अशा चुका झाल्या असतील. अडतीस वर्षांत मी हजारो पत्रे दुसऱ्यांसाठी लिहिली. त्यांना काय सांगायचे होते आणि मी काय लिहिले, हे ताडून पाहण्याचे साधन त्यांच्यापाशी नव्हते. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला. पण माणसाला आपल्या मनातील गोष्ट सांगण्यासाठी दुसऱ्याच्या विश्वासावर अवलंबून राहावे लागू नये. म्हणून मी हे मांडले आहे.” मग माझ्या डोक्यावरून हात फिरवून ते म्हणाले, “उद्यापासून काकींना तू शिकव. माझ्याहून तुला लवकर जमेल.”

दुसऱ्या दिवसापासून मी काकींची शिक्षिका झाले. माझे वय बारा वर्षांचे, त्यांचे पन्नाशीच्या पुढचे. त्यांची बोटे कोयता आणि विळा धरून राठ झाली होती. पेन्सिल त्यांच्या हातात पाखरासारखी थरथरे. ‘त’ उलटा होई, वेलांटी भलत्याच बाजूला जाई. कधी मला कंटाळा येई. पण ते न लिहिलेले वाक्य आठवले की मी पुन्हा सूप हलवून कोंडा सारखा करीत असे. माझा स्वतःचा अभ्यास मी पहाटे उठून करू लागले. नाना माझ्याबरोबर उठत आणि कंदिलाशेजारी बसून राहत. ती पहाटेची वेळ अगदी आमची दोघांची होती. मला हवे होते ते मला असे मिळाले, आणि तेही दुसऱ्या कोणाचे काही न घेता मिळाले.

कोंड्यावरून पाटी, आणि पाटीवरून कागद. ज्या दिवशी कोणी कागदावर पहिल्यांदा स्वतःचे नाव लिही, त्या दिवशी नाना तो कागद मागून घेत, डोळ्यांजवळ धरून पाहत आणि घडी करून खिशात घालीत. कशासाठी, हे आम्ही कधी विचारले नाही.

दिवाळी होऊन तुळशीचे लग्न लागले त्या आठवड्यात काकींनी आपले पहिले कार्ड लिहिले. त्याला पुरी संध्याकाळ लागली. पत्त्याच्या चौकोनात त्यांनी ४०००१२ हे अंक सर्वांत आधी लिहिले. उरलेला पत्ता नानांनी घातला. मजकुराच्या जागी मोठ्या, वाकड्या अक्षरांत तीनच शब्द होते. “तू ये. आई.” गाईची हकीकत नव्हती, गळक्या कौलाची नव्हती. पण जे सांगायचे होते ते सारे त्यात आले होते.

मुलगा शिमग्याला आला. तो पुष्कळच वाळला होता. त्याच्या सदऱ्याच्या खिशात ते कार्ड होते. नानांच्या पाया पडून त्याने ते बाहेर काढले आणि म्हणाला, “मास्तर, हे अक्षर कोणाचे, हे मला चाळीतल्या कोणालाच सांगता येईना. मी मात्र ओळखले.” यापूर्वी त्याने आईचे अक्षर कधीच पाहिले नव्हते, तरी त्याने ते ओळखले, याचे मला आजही नवल वाटते.

त्या संपाचा शेवट असा कधी जाहीर झालाच नाही. अनेक गिरण्या पुन्हा पूर्वीसारख्या चालल्या नाहीत आणि हजारो कामगारांची कामे कायमची गेली. काकींच्या मुलाला पुढे मुंबईतच एका दुकानात नोकरी लागली. १९८३ च्या जूनमध्ये त्याची पहिली मनीऑर्डर आली. रक्कम लहान होती. पोस्टमनने आमच्याच पडवीत पिशवी उघडली, कागद काढला आणि नेहमीप्रमाणे शाईची गादी काकींच्या पुढे धरली. काकींनी ती हाताने बाजूला सारली. “पेन दी,” त्या म्हणाल्या. त्यांनी एकेक अक्षर काढून आपली सही पुरी करीपर्यंत पोस्टमन छत्री मिटून उभा होता. मी आनंदाने नानांकडे पाहिले. ते पाठमोरे होऊन अंगणातील तुळशीकडे पाहत होते आणि उपरण्याने डोळे पुशीत होते. तार घेताना ज्यांच्या चेहऱ्यावरची रेषाही हलत नसे, त्या नानांना मी त्या दिवशी प्रथमच असे पाहिले.

त्यानंतर नाना चौदा वर्षे जगले. पडवीतील वर्ग कधी दोन माणसांचा, कधी दहा माणसांचा, पण तो बंद असा पडला नाही. १९८८ साली राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झाले आणि देशभर प्रौढांचे वर्ग निघू लागले, तेव्हा नाना म्हणाले, “आता आपल्या पडवीला पुष्कळ सोबती मिळाले.” जसजसे लोक शिकत गेले तसतशी पत्र वाचून घेण्यासाठी येणारी माणसे कमी होत गेली. एखाद्याला याचे वाईट वाटले असते. नानांना मात्र पडवी रिकामी दिसली की समाधान वाटे. आपली गरज कोणाला उरू नये, यासाठी झटणारा माणूस मी तो एकच पाहिला.

१९९७ साली नाना गेले. तेराव्या दिवसानंतर आम्ही भावंडे त्यांची लाकडी पेटी उघडून बसलो. आत घडी घातलेले स्वच्छ कपडे होते, त्यांचे पेन होते आणि एक जाड पुठ्ठ्याची वही होती. ती वही आम्हां कोणीच पूर्वी पाहिलेली नव्हती. तिच्या पानांवर कागदाचे लहान लहान कपटे खळीने चिकटविलेले होते. प्रत्येक कपट्यावर वेगवेगळ्या हातांनी लिहिलेले एकेक नाव होते आणि त्यासमोर नानांच्या रेखीव अक्षरात क्रमांक व तारीख. पाने उलटीत गेलो तेव्हा शेवटचा क्रमांक ६३ आला.

मी पुन्हा पहिल्या पानाकडे वळले. क्रमांक १ पुढे आमच्या थोरल्या दादाचे नाव होते, अगदी बालपणीच्या अक्षरातले. क्रमांक २ आणि ३ पुढे मधल्या दोघांची नावे होती. क्रमांक ४ पुढे माझे. १९७५ सालच्या दसऱ्याला, पाटीपूजन झाल्यावर, मी तो कागद लिहिला असावा. मला त्याची आठवणही नव्हती. आपल्या भातुकलीला लाखेचा तुकडा न देणाऱ्या त्या हातांनी माझे ते वेडेवाकडे नाव बावीस वर्षे जपून ठेवले होते.

आणि त्याच पानावर, माझ्या नावाच्या लगेच खाली, मध्ये एक रेघही न मारता, क्रमांक ५ होता. तो काकींचा होता.

आता ती वही माझ्यापाशी आहे. नाना ज्या तारयंत्रापुढे बसत ती तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. मनीऑर्डरीची वाट पाहणाऱ्या वाड्यांतून आज दूरध्वनी खणखणतात. पण कधी मन उदास झाले म्हणजे मी ती वही उघडते आणि तिचे पहिले पान पाहते. चौथ्या क्रमांकाचे अक्षर पाच वर्षांच्या मुलीचे आहे आणि पाचव्याचे पन्नाशी ओलांडलेल्या बाईचे. दोन्ही सारखीच वाकडी आहेत. दोन्हींसमोरची तारीख मात्र नानांनी सारख्याच काळजीने, अगदी सरळ ओळीत लिहिली आहे.